ॲटोमॉक्सेटिन सुरू करताना: पहिले बारा आठवडे कसे आखायचे

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा त्रास) ॲटोमॉक्सेटिन सुरू केलेल्यांकडून पुष्कळदा एकच गोष्ट ऐकू येते. दहा-बारा दिवस कॅप्सूल घेतली, मळमळ झाली, झोप बिघडली, लक्ष काही लागेना, म्हणून बंद केली. अडचण अशी की या औषधाचा त्रास पहिल्या आठवड्यात येतो आणि गुण चौथ्या-सहाव्या आठवड्यात दिसायला लागतो. मधला काळ नुसता सोसत बसलं तर औषध टिकत नाही. तो आधीच आखून ठेवला तर बहुतेक त्रास आटोक्यात राहतो, आणि औषध आपल्याला लागू पडतं की नाही याचं खरं उत्तर मिळतं. हा लेख त्या आखणीसाठी आहे, मोठ्यांसाठी आणि मुलांच्या पालकांसाठीही. आकडे दिले आहेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

हे औषध चिठ्ठीवर का येतं

एडीएचडीची औषधं ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिला गट स्टिम्युलंटचा, म्हणजे मेंदूला चालना देणाऱ्या औषधांचा. भारतात त्यात मुख्यतः मेथिलफेनिडेट मिळतं. ते तासाभरात काम सुरू करतं आणि त्याच दिवशी उतरतं. ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येत असल्यामुळे प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलं नसतं, आणि तालुक्याच्या गावी ते मिळवताना फार धावपळ होते. दुसरा गट नॉन-स्टिम्युलंटचा. त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे ॲटोमॉक्सेटिन. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर 2002 मध्ये मान्यता मिळाली, आणि एडीएचडीसाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं नॉन-स्टिम्युलंट ठरलं. भारतात ते ॲक्सेप्टा, ॲटेन्ट्रॉल अशा नावांनी मिळतं. चिठ्ठी लागतेच, पण एनडीपीएसची बंधनं त्याला नाहीत.

मेंदूतल्या पेशी नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सोडतात आणि थोड्याच वेळात परत ओढून घेतात. ॲटोमॉक्सेटिन ही परत ओढण्याची क्रिया रोखतं. कपाळामागचा मेंदूचा भाग आखणी करणं, मनाला आवर घालणं, काम धरून ठेवणं ही कामं करतो. तिथे नॉरएपिनेफ्रिन वाढतं आणि सोबत डोपामिनही वाढतं. व्यसनाशी संबंध असलेल्या भागात मात्र डोपामिन तसं वाढत नाही. म्हणून याची नशा होत नाही, चटक लागत नाही, आणि घेतल्या घेतल्या तरतरीही येत नाही. हे शेवटचं ध्यानात ठेवा, कारण ‘काहीच जाणवत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

टिक्स (आपोआप होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली) असतील, चिंतेचा त्रास सोबत असेल, आधी दारूचं किंवा अमली पदार्थाचं व्यसन लागलेलं असेल, मेथिलफेनिडेटने भूक-झोप पार गेली असेल, किंवा त्याचा असर उतरल्यावर संध्याकाळी चिडचिड अनावर होत असेल, तर डॉक्टर ॲटोमॉक्सेटिनकडे वळतात. सरासरीने पाहिलं तर त्याचा गुण स्टिम्युलंटपेक्षा कमी असतो, हे आधीच कळलेलं बरं. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. ज्यांना ते लागू पडतं त्यांना सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत एकसारखा आधार मिळतो, आणि ही सोय मेथिलफेनिडेटमध्ये नाही.

पहिल्या कॅप्सूलच्या आधीचा आठवडा

डॉक्टरांना काही गोष्टी त्यांनी विचारल्या नाहीत तरी सांगायच्या. काचबिंदू आहे का, विशेषतः अरुंद कोनाचा? हृदयाचा आजार, जन्मतः हृदयात दोष, घरात कुणाचा कमी वयात अचानक मृत्यू? रक्तदाब, कावीळ, यकृताचा त्रास? फिट्स? प्रोस्टेट किंवा लघवीची अडचण? स्वतःला किंवा घरात कुणाला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येण्याचा आजार? ॲटोमॉक्सेटिनमुळे काही जणांत उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गरोदरपणाचा विचार चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी सांगा. यकृताचं काम बरंच मंदावलेलं असेल तर मात्रा निम्मी किंवा पाव ठेवावी लागते.

मग आपली आजची स्थिती लिहून ठेवायची. हे काम सर्वांत जास्त टाळलं जातं, आणि सर्वांत जास्त उपयोगी तेच पडतं. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस ही 18 प्रश्नांची यादी मोठ्यांसाठी आहे. ती औषधाआधी भरा, तारीख घाला, फोटो काढून ठेवा. मुलांसाठी व्हँडरबिल्ट प्रश्नावली असते. तिचा शिक्षकांसाठीचा भाग वर्गशिक्षकांकडूनच भरून घ्या, कारण घरी शांत असणारं मूल वर्गात वेगळं असू शकतं. याखेरीज स्वतःच्या आयुष्यातली तीन कामं निवडा, जी होत नाहीत आणि झाली की कळतात: लाइट बिल वेळेवर भरणं, ऑफिसचा मेल त्याच दिवशी पाठवणं, मुलाने गृहपाठ एका बैठकीत संपवणं. ‘लक्ष सुधारलं पाहिजे’ असं लिहू नका, ते मोजता येत नाही.

तिसरी गोष्ट नाडी आणि रक्तदाब. या औषधाने दोन्ही वाढतात. बहुतेकांत थोडेच वाढतात, काहींत मात्र नाडी 20 ठोक्यांनी किंवा रक्तदाब 15-20 अंकांनी चढतो. म्हणून आधीचा आकडा हाती हवा. घरी मोजायचा तर चहा-कॉफीनंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, मांडी घातलेली नको. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नको, आणि हात छातीच्या पातळीला टेकवलेला. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. जिना चढून आल्या आल्या मोजलेला आकडा डॉक्टरांची दिशाभूल करतो. वजनही लिहा, आणि मुलांची उंचीसुद्धा.

मात्रा कशी चढते

70 किलोच्या वरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी औषधाच्या माहितीपत्रकातली पद्धत अशी आहे: दिवसाला 40 मिग्रॅने सुरुवात, किमान तीन दिवसांनी 80 मिग्रॅ. आणखी दोन ते चार आठवड्यांत पुरेसा गुण नसेल तर जास्तीत जास्त 100 मिग्रॅ. प्रत्यक्षात तीन दिवसांत 40 वरून 80 ही उडी बऱ्याच जणांच्या पोटाला झेपत नाही. काही डॉक्टर मोठ्यांनाही 18 किंवा 25 मिग्रॅवर सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांनी एक एक पायरी चढवतात. वेळ थोडा जास्त लागतो, पण औषध सुटत नाही. पोट नाजूक असेल तर ‘हळू चढवता येईल का?’ असं डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही.

मुलांची मात्रा वजनावर ठरते. सुरुवात दर किलोला 0.5 मिग्रॅ, नेहमीची मात्रा दर किलोला 1.2 मिग्रॅ, आणि कमाल दर किलोला 1.4 मिग्रॅ किंवा एकूण 100 मिग्रॅ, यातलं जे कमी असेल ते. 24 किलोचं मूल धरू. सुरुवातीची मात्रा 12 येते, म्हणून 10 ची कॅप्सूल. नेहमीची 28.8 येते, म्हणून 18 वरून 25. कमाल 33.6. आता हेच मूल वर्षभरात 30 किलोचं झालं तर नेहमीची मात्रा 36 वर जाते, आणि जुनी 25 ची कॅप्सूल अपुरी पडते. ‘आधी गुण होता, आता औषध चालत नाही’ असं पालक म्हणतात तेव्हा पुष्कळदा वाढलेलं वजन हेच कारण निघतं. मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी लिहीत जा.

मात्रा वाढवल्यावर त्रास थोडा परत येतो आणि पुन्हा ओसरतो. म्हणून परीक्षेच्या, लग्नाच्या किंवा लांबच्या प्रवासाच्या आठवड्यात पायरी चढवायची नाही. तारीख डॉक्टरांशी बोलून पुढे ढकला.

कॅप्सूल घेण्याची रीत

भरल्या पोटी घ्या. अन्नामुळे औषध शोषलं जाण्याचं एकूण प्रमाण फारसं बदलत नाही, पण मळमळ नक्की कमी होते. चहा-बिस्किट म्हणजे भरलं पोट नव्हे. थालीपीठ-दही, शेंगदाण्याची चटणी लावून भाकरी, अंडं-पोळी, दाणे घातलेले पोहे, असं प्रथिनं आणि थोडी चरबी असलेलं काहीतरी आधी पोटात जाऊ द्या, मग कॅप्सूल आणि वर पेलाभर पाणी. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे असे उपवासाचे दिवस आधीच हेरून ठेवा. उपवासाला चालणारं खाणं असेल तर कॅप्सूल दुपारच्या खिचडी-भगरीनंतर घ्यायची. निर्जळी उपास असेल तर वेळ संध्याकाळवर नेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

कॅप्सूल उघडायची नाही, दुधात मिसळायची नाही, अर्धी करायची नाही. आतली पूड डोळ्यांना झोंबते. चुकून फुटली तर हात धुवा, आणि डोळ्यात गेली तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा. मुलाला गिळता येत नसेल तर औषध सुरू होण्याच्या आठवडाभर आधी सराव करून घ्या: आधी साखरेचा थर दिलेला बडीशेपेचा एक दाणा पाण्याबरोबर, मग हळूहळू मोठी गोळी. आणखी एक बारकावा आहे. टॅब्लेट जड असते, कॅप्सूल पाण्यावर तरंगते. मान मागे टाकली तर कॅप्सूल दातांकडे येते आणि मूल घाबरतं. घोट तोंडात घेऊन हनुवटी छातीकडे झुकवली की ती घशाकडे जाते आणि सहज गिळली जाते.

दिवसातून एकदा सकाळी घेतली तरी चालते, किंवा तीच मात्रा सकाळ आणि संध्याकाळ अशी विभागूनही घेता येते. मळमळ जास्त असेल तर विभागून घेतल्याने फरक पडतो. दिवसभर पेंग येत असेल तर रात्रीच्या जेवणानंतर, झोप उडत असेल तर सकाळी. वेळ बदलायची ती डॉक्टरांना कळवून, आणि एकदा बदलली की किमान आठवडाभर तीच ठेवा. रोज वेळ बदलत राहिलं तर कशाने काय झालं हे कळत नाही.

डोस चुकला तर आठवल्यावर घ्या, पण 24 तासांत ठरलेल्या एकूण मात्रेच्या वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका. विसरणं हा एडीएचडीचाच भाग आहे, त्यामुळे निश्चयावर विसंबून चालत नाही. स्ट्रिपच्या मागे मार्करने वार लिहा आणि ती नाश्त्याच्या डब्याजवळ ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅप्सूल आठवड्याच्या डब्यात सुट्या काढून ठेवल्या की दमट हवेने चिकटतात. स्ट्रिप कात्रीने कापून तुकड्यासकट डब्यात टाकली की हा प्रश्न मिटतो.

पहिले तीन आठवडे

नेहमी दिसणारे त्रास असे: मळमळ, भूक मंदावणं, तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, घाम, चक्कर, थकवा, झोप न लागणं. मुलांत पोटदुखी आणि पेंग जास्त. यातलं बरंचसं दोन-तीन आठवड्यांत कमी होतं.

मळमळ सहसा कॅप्सूलनंतर एक-दोन तासांनी येते. त्या वेळेला बस-लोकलचा प्रवास येत असेल तर कॅप्सूलची वेळ सरकवणं हा सोपा उपाय. उलटी होत राहिली तर सहन करू नका, डॉक्टर मात्रा एक पायरी खाली आणतील. तोंड कोरडं पडतं म्हणून गोळ्या-चॉकलेट चघळत बसलं की दात किडतात, कारण लाळ कमी झालेली असते. पाण्याचे घोट घ्या किंवा बिनसाखरेचा गम चघळा. भूक गेलेल्या मुलाला जेवणाच्या ताटावर दरडावून उपयोग होत नाही. कमी घासांत जास्त पोषण द्या: तुपाची पोळी, दाण्याचा लाडू, दूध-केळं. उठल्यावर चक्कर येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा.

काही त्रासांबद्दल लोक बोलतच नाहीत. पुरुषांत लिंगाला ताठरता न येणं किंवा वीर्यस्खलन अवघड होणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, स्त्रियांत पाळीच्या वेळी जास्त दुखणं, हे सगळं या औषधाने होऊ शकतं आणि माहितीपत्रकात नोंदलेलं आहे. डॉक्टरांसमोर शब्द सापडत नसतील तर कागदावर लिहून द्या. मात्रा किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो. गप्प राहून औषध सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात नुकसान त्यांचंच होतं.

रोजची नोंद एका ओळीपेक्षा मोठी नको, नाहीतर चौथ्या दिवशी वही बंद होते. अशी ओळ पुरे:

मंगळवार. 25 मिग्रॅ, सव्वाआठ, पोह्यांनंतर. मळमळ दहा ते अकरा, मध्यम. नाडी 84, बीपी 124/80. झोप साडेअकरा, एकदा जाग. काम: लाइट बिल भरलं.

पुढच्या भेटीत अशा वीस ओळी समोर ठेवल्या की डॉक्टरांना निर्णय घ्यायला पाच मिनिटं पुरतात. ‘बरं वाटतंय, पण तसं फार नाही’ यावरून मात्रा ठरवता येत नाही.

सोबतची औषधं

ॲटोमॉक्सेटिनचा निचरा यकृतातल्या सीवायपी2डी6 नावाच्या एन्झाइममार्फत होतो. काही माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. इतरांत औषध साधारण पाच तासांत निम्मं होतं, तर यांना त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो, आणि रक्तातलं प्रमाण कितीतरी पट चढतं. अगदी कमी मात्रेतही धडधड, घाम, झोप उडणं असं जोरात झालं तर ही शक्यता डॉक्टरांना बोलून दाखवा.

काही औषधं हेच एन्झाइम अडवतात. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि बुप्रोपिऑन ही नैराश्याची औषधं त्यात येतात. ती चालू असतील तर 40 वरून 80 वर जायला किमान चार आठवडे थांबायचं असतं. आणखी एक औषध आहे जे कुणाच्या लक्षातच येत नाही: टर्बिनाफिन. गजकर्णासाठी आपल्याकडे टर्बिनाफिनच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि त्वचेच्या डॉक्टरांना तुमचं एडीएचडीचं औषध माहीत नसतं. सगळं सुरळीत चालू असताना मध्येच धडधड वाढली तर आठवा, गेल्या पंधरा दिवसांत नवीन कोणती गोळी सुरू झाली. क्रीमने सहसा हा प्रश्न येत नाही, पोटात घ्यायच्या गोळीने येतो.

सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन रक्तदाब आणखी चढवतं. दम्यासाठी सालब्युटामॉल नेब्युलायझरने किंवा गोळी-सिरपने घेत असाल तर नाडी फार वाढू शकते. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांनी फिटचा धोका वाढतो. एमएओ इन्हिबिटर या नैराश्याच्या जुन्या गटातलं औषध चालू असेल तर ते थांबून 14 दिवस झाल्याशिवाय ॲटोमॉक्सेटिन सुरू करता येत नाही, उलट क्रमानेही तेच. चहा-कॉफी बंद करायला नको, पण पहिल्या महिन्यात दिवसाला एक-दोन कपांवर आणा. नाहीतर धडधड कॅप्सूलची की कॉफीची हे कळणार नाही.

काढे, चूर्ण, अश्वगंधा, गुळवेल हेही औषधांच्या यादीत लिहा. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची काही प्रकरणं नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी ॲटोमॉक्सेटिननेही क्वचित यकृताला इजा होते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेत असताना कावीळ झाली तर दोष कशाचा हे शोधणं अवघड जातं. निदान पहिले तीन महिने तरी काढे थांबवावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. दारूचंही डॉक्टरांना खरं सांगा, किती आणि कितीदा.

वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं तेव्हा

लघवी गडद रंगाची, डोळे पिवळे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं: औषध थांबवा आणि त्याच दिवशी यकृताची तपासणी करा. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, धाप लागणं: थेट दवाखाना. ओठ-चेहरा सुजणं, अंगावर गांधी: तेच. चार तासांहून जास्त टिकलेला वेदनादायक लिंगताठरपणा: तातडीचा विभाग, लाजून रात्र काढायची नाही.

मुलं आणि किशोरवयीन यांच्याबाबत औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा असतो. चाचण्यांमध्ये ॲटोमॉक्सेटिन घेणाऱ्या मुलांत आत्महत्येचे विचार सुमारे 0.4 टक्के दिसले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत एकही नाही. प्रमाण कमी आहे, पण घरच्यांनी पहिल्या काही आठवड्यांत आणि प्रत्येक वाढीनंतर डोळ्यात तेल घालून पाहायचं. मूल अचानक गप्प झालं, चिडकं झालं, रात्रभर जागं राहायला लागलं, ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोललं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. मुलाला थेट विचारलं म्हणून त्याच्या डोक्यात विचार भरत नाही, विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

गुण कसा ओळखायचा

तो बहुधा आधी दुसऱ्यांना दिसतो. बायको म्हणते, ‘हल्ली मधेच तोडून बोलत नाहीस.’ बाई सांगतात की मूल जागेवर बसून फळ्यावरचं पूर्ण उतरवतं. स्वतःला जाणवतं ते असं: डोक्यातला गलका कमी, राग येतो पण मधे क्षणभर जागा मिळते, सुरू केलेलं काम सोडून उठावंसं कमी वाटतं. कंटाळवाण्या कामाची गोडी मात्र या औषधाने लागत नाही. ती अपेक्षा ठेवली तर चांगला गुणसुद्धा निराशा वाटतो.

चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात एएसआरएस किंवा शिक्षकांची प्रश्नावली पुन्हा भरा आणि पहिल्या कागदाशेजारी ठेवा. ठरवलेली तीन कामं मोजा. पूर्ण मात्रेवर सहा आठवडे काढल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ असं म्हणायचं नाही, कारण काहींत सुधारणा बाराव्या आठवड्यापर्यंत चढत राहते. 25 मिग्रॅवर तीन महिने काढून निराश झालेल्या 75 किलोच्या माणसाने मुळात औषध आजमावलेलंच नाही.

मेथिलफेनिडेटवरून इकडे येत असाल तर डॉक्टर काही आठवडे दोन्ही सोबत ठेवू शकतात, म्हणजे मधला काळ कोरडा जात नाही. तेव्हा नाडी-रक्तदाब जास्त वेळा पाहावा लागतो.

हे जमलं नाही तर

क्लोनिडिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध. आर्कामिन नावाने मिळतं. घरातलं कुणी म्हणेल, ‘अरे, ही तर बीपीची गोळी!’ खरं आहे, पण चंचलपणा, टिक्स आणि झोप यांसाठी मुलांनाही डॉक्टर ती देतात. इथे दोन चुका धोक्याच्या आहेत. एक, मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांचा घोळ: 100 मायक्रोग्रॅम म्हणजे 0.1 मिग्रॅ. चिठ्ठीवर काय आहे ते मेडिकलमध्ये मोठ्याने वाचून घ्या. दोन, अचानक बंद करणं. रक्तदाब उसळून वर जातो. ते पायरी-पायरीने, दर तीन ते सात दिवसांनी 0.1 मिग्रॅच्या वर न उतरवता सोडायचं असतं. मुलाला उलट्या लागून गोळी पोटात टिकत नसेल तर ते गोळी अचानक बंद करण्यासारखंच आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

ग्वानफासिन त्याच घराण्यातलं. त्याची सावकाश विरघळणारी गोळी अमेरिकेत 2009 पासून एडीएचडीसाठी आहे. ती चावायची नाही, खूप तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घ्यायची नाही, आणि तीही अचानक थांबवायची नाही. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना व्हिलॉक्साझिन हे आणखी एक नॉन-स्टिम्युलंटही सुचवलं जातं. ते तिथे एप्रिल 2021 मध्ये 6 ते 17 वयासाठी आणि एप्रिल 2022 मध्ये मोठ्यांसाठी आलं. त्याची कॅप्सूल मात्र उघडून चमचाभर ॲपलसॉसवर (सफरचंदाच्या मऊ गरावर) टाकता येते. व्हिलॉक्साझिनवर असताना शरीरातून कॅफिन हळू बाहेर पडतं, म्हणून नेहमीची कॉफीही जास्त लागते. बुप्रोपिऑन काही डॉक्टर मोठ्यांना देतात. फिटचा इतिहास असेल तर ते चालत नाही.

चालू ठेवणं आणि थांबवणं

घडी बसली की प्रत्येक मात्राबदलानंतर आणि नंतर दर सहा महिन्यांनी नाडी, रक्तदाब, वजन, मुलांची उंची पाहायची. कॅप्सूल संपायच्या दहा दिवस आधी मेडिकलला सांगून ठेवा. 18 किंवा 60 ची ताकद छोट्या दुकानांत मागवून घ्यावी लागते. दुसरी कंपनी मिळाली तरी मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढं स्ट्रिपवर वाचून घ्या. 25 संपली म्हणून 10 च्या दोन घेतल्या तर 20 होतात. अशी तडजोड डॉक्टरांना विचारून करा.

वर्षातून एकदा औषधाची अजून गरज आहे का, हे डॉक्टरांबरोबर तपासा. ॲटोमॉक्सेटिन क्लोनिडिनसारखं हळूहळू उतरवावंच लागतं असं नाही, पण लक्षणं परतली तर लक्षात यावं म्हणून सुट्टीच्या आणि परीक्षेच्या मधला शांत महिना निवडा, आणि थांबवल्यावरही एका ओळीची वही चार आठवडे चालू ठेवा. उरलेल्या कॅप्सूल तशीच लक्षणं आहेत म्हणून भावाला किंवा मैत्रिणीच्या मुलाला द्यायच्या नाहीत. त्यांचं वजन, हृदय आणि यकृत कुणी तपासलेलं नसतं.

ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना औषधाचं नाव आणि मात्रा सांगा. परदेशी जाताना कॅप्सूल मूळ स्ट्रिपमध्येच, हातातल्या सामानात ठेवा, सोबत मूळ औषधाचं नाव लिहिलेली ताजी चिठ्ठी घ्या, आणि त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर औषधांचे नियम तिकीट काढतानाच पाहून घ्या.